महागडा राऊटर घ्यावा का? आधी वेग मोजा, मग पैसे मोजा



"मॅडम, आमच्या घरी नेट फार स्लो चालतं. भारीतला राऊटर घेतला तर फरक पडेल का हो?" पालकसभा संपली की हा प्रश्न हमखास येतो. स्टाफरूममध्येही येतो. तंत्रस्नेही शिक्षक म्हणून नाव पडलं की लोक मोबाईलपासून टीव्हीपर्यंत सगळं विचारतात, त्यातलाच हा एक. दुकानात १,२०० रुपयांपासून राऊटर मिळतो आणि २५-३० हजारांचाही मिळतो. आठ शिंगं असलेला तो काळा डबा बघून वाटतं, एवढे पैसे दिले की घराच्या कानाकोपऱ्यात नेट पळणार. खरंच पळतं का?

हा प्रश्न आमच्याही घरात आला होता, आणि तो नुसता सिनेमा अडकण्याचा नव्हता. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे प्रश्न काय होता

आम्ही कराडला राहतो. खाली-वर असं दोन मजली घर आहे. माझे मिस्टर पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करतात. सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ही सोय मागून घेतलेली. मी सकाळी शाळेला गेले की पाचनंतरच येते. सासूबाईंच्या एकटीच्यानं अण्णांना उठवून बसवणं होत नाही. त्यामुळे दिवसा ह्यांचं घरात असणं फार गरजेचं.

पण वरच्या खोलीत मीटिंग चालू असताना आवाज तुटायचा, चित्र थिजायचं. दोन-तीनदा असं झाल्यावर साहेबांनी नीटच सांगितलं, "नेटची व्यवस्था करा, नाहीतर ऑफिसला यावं लागेल." ऑफिस म्हणजे पुणे, दीडशेहून जास्त किलोमीटर. तुम्ही म्हणाल, मग खालीच का नाही बसत? खाली हॉल आहे, टीव्ही आहे, अण्णांना भेटायला येणारी माणसं आहेत. तिथे बसून ऑफिसशी बोलणार कसं? म्हणून काम वर, आणि अण्णांच्या उशाशी वायरलेस बेल.

ह्यांनी २२ हजारांचा एक राऊटर बघून ठेवला. म्हणाले, "अगं, नोकरीपुढं बावीस हजार काय?" मी म्हटलं, "अहो, घेऊ की. पण दुखणं कुठं आहे ते तरी आधी बघू." वर्गात एखादं मूल वाचनात मागे पडलं तर आपण लगेच मोठं पुस्तक आणून देत नाही. आधी चाचणी घेतो. अडचण अक्षरओळखीत आहे, जोडाक्षरात आहे की डोळ्यांना चष्मा लागलाय, हे बघतो. इथेही तेच करायचं ठरवलं.

नेट आपल्यापर्यंत येतं कसं?

चार टप्पे लक्षात ठेवा.

१. बाहेरून घरात येणारी लाईन, म्हणजे तुमचा प्लॅन.
२. ती लाईन जिथे जोडली जाते तो डबा, म्हणजे राऊटर.
३. राऊटर आणि तुमच्यामधलं घर, म्हणजे भिंती, स्लॅब, कपाटं.
४. तुमच्या हातातला मोबाईल किंवा लॅपटॉप.

या चारांत जो टप्पा सर्वांत कमजोर, तेवढाच वेग तुम्हाला मिळतो. नगरपालिकेचं पाणी अर्ध्या इंची नळानं येत असेल, तर बाथरूममध्ये दहा हजारांचा शॉवर बसवून धार वाढत नाही. महागडा राऊटर हा तसा शॉवर आहे. तो दुसरा टप्पा सुधारतो, तिसऱ्याला थोडी मदत करतो. पहिल्या टप्प्याला तो हातसुद्धा लावू शकत नाही.

आपल्याला वेग लागतो तरी किती?

प्लॅनवर '१०० एमबीपीएस' लिहिलेलं असतं. हे मेगाबिट असतात, मेगाबाइट नव्हेत. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० ला ८ ने भागा: सेकंदाला १२.५ मेगाबाइट. फाईल उतरवताना १२ चा आकडा दिसला की "मला १०० सांगून १२ च देतात" असं वाटतं. तिथे फसवणूक झालेली नसते, फक्त एकक बदललेलं असतं. मुलांना किलोग्रॅम आणि ग्रॅम शिकवणाऱ्या आपल्याला हे अवघड नाही.

आता गरजेचा हिशोब करू. टीव्हीवर चांगल्या दर्जाचा (१०८०पी) व्हिडिओ बघायला साधारण ५ एमबीपीएस पुरतात, फोर-के असेल तर १५. चांगल्या चित्राच्या व्हिडिओ कॉलला ३ ते ४. आमच्या घरी एका वेळी एक टीव्ही (५), ह्यांची मीटिंग (४), मुलाचा दीक्षावरचा एखादा व्हिडिओ (५) आणि इतर फोन (१०) धरले तरी बेरीज २४ होते. प्लॅन १०० चा. म्हणजे लाईन कमी पडत नव्हती. मग मधे कुठेतरी गळती होती.

गळती शोधली अशी

एका रविवारी चौथीतल्या मुलाला वही-पेन घेऊन सोबत घेतलं. मोबाईलवर स्पीड टेस्ट लावून प्रत्येक जागी तीन वेळा मोजलं आणि मधला आकडा लिहिला. आमचं कोष्टक असं झालं (आकडे एमबीपीएसमध्ये):

- लॅपटॉप थेट वायरने डब्याला जोडून: ९५
- हॉल, डब्याशेजारी: ९३
- स्वयंपाकघर (एक भिंत): ६१
- जिन्याचं वळण: ३८
- वरची खोली, दार उघडं: ११
- वरची खोली, दार बंद: ७
- गच्ची: २

रात्री नऊला डब्याशेजारी पुन्हा मोजलं, कारण तेव्हा सगळं गाव नेटवर असतं. ९१ आलं. म्हणजे लाईन ठणठणीत, डबाही ठीक. वायर लावून ९५ आणि वर ७, म्हणजे मधले ८८ आमच्या घरानंच गिळले.

तुमच्याकडे उलटंही असू शकतं. वायर लावूनही १०० च्या जागी २० येत असतील तर राऊटर बदलून काही उपयोग नाही. आधी कंपनीकडे तक्रार नोंदवा. आणि वायरने कायम ९५ च्या आसपास येतंय, पण प्लॅन ३०० चा आहे, असं असेल तर डब्याचं पोर्ट तपासा. जुन्या किंवा स्वस्त डब्यांचं पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं. कधी कधी केबलचाही दोष असतो. आत आठ तारा असतात. आठही नीट जोडल्या तर १००० पर्यंत वेग जातो, चारच जोडल्या असतील तर १०० वर अडतो.

घर नेट कसं गिळतं?

वाय-फाय म्हणजे रेडिओ लहरी. त्यांचे दोन मुख्य पट्टे आपल्या घरात चालतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो, भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो, पण त्यावर गर्दी फार. एकमेकांत न घुसणारे चॅनेल जेमतेम तीन: १, ६ आणि ११. शेजारपाजारचे सगळे राऊटर तिथेच बोलतात. आमच्या गच्चीवरून चौदा नावं दिसली! मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान आणि मोकळा, पण भिंत आली की लगेच थकतो.

विटांची भिंत एकवेळ परवडते. लोखंडी गज असलेला स्लॅब, लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रीज, पाण्याची टाकी यांच्यापुढे लहरींचं फारसं चालत नाही. आमचा डबा टीव्हीच्या युनिटमध्ये, टीव्हीच्या मागे, घराच्या एका टोकाला. का? तर फिटिंगवाल्या मुलाला वायर तिथपर्यंत पुरली म्हणून! बहुतेक घरांत डब्याची जागा अशीच ठरते. डबा मोकळ्यावर, छातीच्या उंचीला आणि घराच्या मध्याकडे हवा. यासाठी एक रुपयाही लागत नाही. आम्ही तो कपाटातून काढून जिन्याजवळ भिंतीवर लावला. वर दार बंद करून ७ चे १६ झाले.

खोक्यावरच्या आकड्यांचं गणित

दुकानात 'एएक्स ३०००', 'एएक्स ५४००' असे आकडे दिसतात. ग्राहकाला वाटतं, ३००० चा वेग मिळणार. हा आकडा म्हणजे दोन पट्ट्यांच्या कागदावरच्या कमाल वेगांची बेरीज असते. ५७४ अधिक २४०२ बरोबर २९७६, त्याचे झाले ३०००. तुमचा मोबाईल एका वेळी साधारणपणे एकाच पट्ट्यावर जोडलेला असतो. त्यात बहुतेक फोनमध्ये दोनच अँटेना, त्यामुळे वाय-फाय ६ वर नेहमीच्या रुंदीच्या चॅनेलला त्याची कागदी कमाल १२०१, आणि प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. चार किंवा आठ शिंगांचा राऊटर आणला तरी फोनची शिंगं वाढत नाहीत.

वाय-फाय ७ चंही तसंच. जानेवारी २०२४ मध्ये त्याचं प्रमाणपत्र सुरू झालं. तंत्रज्ञान चांगलं आहे. पण त्याचा पूर्ण फायदा मिळायला फोन आणि लॅपटॉपही वाय-फाय ७ चे हवेत. त्याचा मोठा गाजावाजा ६ गिगाहर्ट्झच्या नव्या पट्ट्यावर आहे. आपल्याकडे त्या पट्ट्यातल्या ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ भागासाठी दूरसंचार विभागाचे मसुदा नियमच मुळी मे २०२५ मध्ये आले. त्यामुळे घेताना दुकानदाराला सरळ विचारा: या मॉडेलमध्ये ६ गिगाहर्ट्झ आहे का, आणि इथे तो चालू मिळेल का? काही स्वस्त वाय-फाय ७ राऊटरमध्ये हा पट्टा नसतोच.

महागडा राऊटर लावून पाहिला

ह्यांच्या एका मित्रानं असाच भारी राऊटर घेतलेला होता. दोन दिवसांसाठी मागून आणला, त्याच जिन्याजवळच्या जागी लावला आणि पुन्हा वही उघडली. डब्याशेजारी ९४. म्हणजे होतं तेवढंच, कारण प्लॅनच १०० चा! वरच्या खोलीत दार बंद करून ३१. सोळाचे एकतीस, म्हणजे फरक पडला, खोटं कशाला बोला. पण मीटिंगमध्ये आवाज अजूनही मधूनमधून तुटत होता.

असं का? वर्गातलं उदाहरण देते. तुम्ही माईक घेऊन शिकवलंत तर शेवटच्या बाकावरच्या मुलाला तुमचं ऐकू येईल. पण त्याच्याकडे माईक नाही. त्याचं उत्तर तुम्हाला ऐकू येणार नाही. नेटचं बोलणंही दोन्ही बाजूंनी असतं. राऊटर कितीही भारी असला तरी त्यानं किती ताकदीनं लहरी सोडायच्या यावर कायद्याची मर्यादा आहे. फोनची ताकद तर त्याहून कमी. मीटिंगमध्ये आपला आवाज आणि चित्र वरून खाली जायचं असतं, आणि तेच स्लॅबमध्ये अडकत होतं. यावर मोठा माईक हा उपाय नव्हे. शिक्षकानं त्या मुलाच्या बाकाजवळ जायला हवं.

आम्ही काय केलं आणि खर्च किती आला

खालच्या डब्यापासून वरच्या खोलीपर्यंत जिन्याच्या कडेनं एक लॅन केबल ओढली आणि वर एक साधा वाय-फाय ६ चा राऊटर लावला. सेटिंगमध्ये तो 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर ठेवला. त्यामुळे खालचा डबाच घराचा कारभारी राहतो आणि वरचा फक्त वाय-फाय वाटतो. दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड एकच, चॅनेल मात्र वेगवेगळे.

- केबल आणि कनेक्टर: ६०० रुपये
- केसिंग पट्टी आणि वायरमनची मजुरी: ८०० रुपये
- वरचा राऊटर: ३,२०० रुपये
- दोन मिनी यूपीएस: २,६०० रुपये

एकूण ७,२०० रुपये. वरच्या खोलीत दार बंद करून वेग ९२. आता ह्यांच्या मीटिंगा नीट होतात. पुण्याचा विषय परत निघालेला नाही, आणि अण्णांची दुपारची गोळी वेळेवर जाते. वाचलेल्या १४,८०० रुपयांतून अण्णांच्या फिजिओथेरपीचे पैसे भागले.

वायरमनला एक आवर्जून सांगा: लॅन केबल लाईटच्या वायरसोबत एकाच पाईपात घालायची नाही. ते धोक्याचं आहे आणि सिग्नललाही बाधतं. मिनी यूपीएस का, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. लाईट गेली की ३० हजारांचा राऊटरही बंदच पडतो. डब्याचा ॲडाप्टर किती व्होल्टचा आहे ते वाचून (बहुधा १२ व्होल्ट) त्याला जुळणाराच यूपीएस घ्या.

मग महागडा राऊटर कुणी घ्यावा?

तो वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पुढच्या घरांत तो पैसे वसूल करतो.

- प्लॅन ५०० एमबीपीएस किंवा त्याहून जास्त आहे आणि तो वेग खरंच वापरला जातो.
- घरात कॅमेरे, टीव्ही, फोन मिळून ३०-४० वस्तू एकाच वेळी जोडलेल्या असतात.
- व्हिडिओ एडिटिंगसारखं काम आहे, घरातल्या घरात मोठ्या फाईली एका संगणकावरून दुसऱ्यावर जातात.
- घर मोठं आहे आणि केबल ओढणं शक्यच नाही. अशा वेळी एकाच भारी डब्यापेक्षा दोन-तीन डब्यांचा 'मेश' संच बघा. पण ज्या खोलीत रेंज मरते तिथे दुसरा डबा ठेवू नका, अर्ध्या वाटेवर ठेवा. त्यालाच रेंज मिळाली नाही तर तो पुढे काय वाटणार?

दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये १०० चा प्लॅन असेल तर तीन-पाच हजारांच्या वर जायचं कारण मला तरी दिसत नाही. फक्त दोन गोष्टी बघून घ्या. पोर्ट गिगाबिट असावं आणि सुरक्षेसाठी 'डब्ल्यूपीए ३' असावं. फार जुना डबा असेल, ज्याला आता कंपनीकडून अपडेट येत नाहीत, तर वेग ठीक असला तरी तो बदला. घराचं कुलूप जुनं झालं की आपण बदलतो, तसंच हे.

पालकांसाठी एक वेगळी गोष्ट

महाग राऊटर विकताना "मुलांवर नियंत्रण ठेवता येतं" असं सांगतात. ठरावीक वेळी नेट बंद करायची सोय बऱ्याच साध्या राऊटरमध्येही असते. नको त्या साइट रोखायच्या असतील तर राऊटरच्या डीएनएस सेटिंगमध्ये १.१.१.३ हा आकडा (इंग्रजी अंकांत) टाकून बघा. क्लाउडफ्लेअरची ही मोफत सेवा २०२० पासून आहे. मात्र मुलानं मोबाईल डेटा चालू केला की हे सगळं कुंपण ओलांडलं जातं. जेवताना फोन बाजूला आणि रात्री फोन हॉलमध्ये, हा नियम आई-वडिलांनी स्वतः पाळला तर तो कुठल्याही राऊटरपेक्षा जास्त चालतो.

वर्गासाठी उपक्रम: माझ्या घराचं मोजमाप

चौथी-पाचवीसाठी हा छान उपक्रम होतो. मुलांनी वहीत चार रकाने आखायचे: जागा, राऊटरपासून अंतर (पावलांत), मधे किती भिंती, आणि वेग. प्रत्येक जागी तीनदा मोजून मधला आकडा लिहायचा, मग त्याचा स्तंभालेख काढायचा. "अंतर जास्त की भिंती जास्त? वेग कशानं जास्त कमी झाला?" हा प्रश्न मुलांनाच विचारा. आमच्या मुलानं स्वतःहून सांगितलं होतं, "आई, अंतरानं नाही गं, स्लॅबनं खाल्लं." टेस्टला डेटा बराच लागतो, त्यामुळे मोबाईल डेटावर करू देऊ नका.

ज्यांच्या घरी वाय-फाय नाही, आणि आपल्या शाळांत अशी मुलं पुष्कळ असतात, त्यांना वगळू नका. एका मुलानं वर्गात उभं राहून एकाच आवाजात दहा शब्द म्हणायचे. बाकीच्यांनी व्हरांड्यात, दार लावून, मग भिंतीपलीकडे, असं उभं राहून ऐकू आलेले शब्द लिहायचे. कोष्टक तेच, आलेख तोच, शिकणंही तेच.

तेव्हा पालकहो, पुढच्या वेळी कुणी "भारीतला राऊटर घ्या" म्हटलं, तर आधी एक रविवार आणि वहीचं एक पान खर्च करा. डब्याची जागा बदलून बघा, वायर लावून बघा. त्यानंतरही महागडाच लागतोय असं आकडे सांगत असतील तर खुशाल घ्या. तेव्हा तुम्हाला तो कशासाठी घेतोय हे नक्की माहीत असेल.